१४ एप्रिल १९४४ आणि मुंबईच्या अग्निशमन दलाची सहासष्ट माणसे : एका स्मृतिदिनाची पार्श्वभूमी

दरवर्षी १४ एप्रिलला भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात कर्तव्यावर असताना प्राण गमावलेल्या जवानांना मानवंदना दिली जाते, स्मारकावर पुष्पचक्र वाहिले जाते आणि त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. महाराष्ट्रात या तारखेची पहिली ओळख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्मदिवस ही आहे आणि ती तशीच असायला हवी. त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत काय घडले आणि ते कोणाला भोगावे लागले, हे मात्र सप्ताहाच्या झेंड्याची टाचणी खिशाला लावून घेणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना गोदीतला स्फोट ठाऊक असतो, त्यांच्याही आठवणीत बहुधा आवाज, आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटा आणि ‘जपान्यांनी बाँब टाकला’ अशी उठलेली आवई एवढेच असते. त्या दुपारी जळत्या जहाजावर पाणी मारत उभी राहिलेली आणि घरी परत न गेलेली अग्निशमन दलाची सहासष्ट माणसे या आठवणीत मागे पडतात. प्रस्तुत टिपणाचा विषय ती माणसे आणि त्यांच्या मागोमाग गेलेली त्याच दलातली माणसे हा आहे.

मुंबईला आगीची ओळख या दलाच्या कितीतरी आधीपासून आहे. १८०३ मध्ये कोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या तटबंदीच्या, आत लागलेल्या प्रचंड आगीत त्या वेळच्या मुंबईचा मोठा भाग जळून गेला आणि दाटीवाटीने बांधलेल्या लाकडी घरांचे शहर किती लवकर राख होऊ शकते, हे इंग्रज सरकारला आणि व्यापाऱ्यांना एकदमच कळले. पुढे बरीच दशके आग विझवणे हे पोलिसांच्या अनेक कामांपैकी एक काम होते. त्यासाठी घोड्यांनी ओढायचे पंप होते, पण तेच काम करणारी आणि त्याचेच शिक्षण घेतलेली माणसे नव्हती. १८८७ मध्ये मुंबईच्या अग्निशमन दलाची स्वतंत्र उभारणी झाली आणि लगेच पुढच्या वर्षीच्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आगीपासून शहराचे रक्षण करणे ही पालिकेची जबाबदारी ठरली. १९०७ च्या सुमारास घोड्यांची जागा मोटारीवर चालणारा बंब घेऊ लागला. भायखळा हे दलाचे मुख्य ठाणे झाले आणि तेथून शहरभर केंद्रे पसरत गेली. केंद्राच्या आवारातच कर्मचाऱ्यांची घरे असावीत, म्हणजे घंटा वाजताच माणूस जिना उतरून थेट बंबावर चढेल, ही पद्धत दलाच्या जीवनात खोलवर रुजली. बाप वर्दीवर, म्हणजे आगीची खबर आल्यावर कामाला, निघाला की बंबाचा आवाज घरात ऐकू येतो आणि तो परतल्याचाही आवाज ऐकू येतो, अशा वातावरणात या माणसांची मुले वाढली. या घरांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

१९४४ साली दुसरे महायुद्ध पूर्वेकडे निकराला आले होते. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात होता, इंफाळ आणि कोहिमा येथे लढाई पेटली होती आणि मुंबई हे हिंदुस्थानात युद्धसामग्री उतरवण्याचे प्रमुख बंदर होते. ‘फोर्ट स्टिकीन’ हे सात हजारांहून अधिक टनांचे मालवाहू जहाज १९४२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रिन्स रूपर्ट येथे बांधले गेले होते. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद व कराची अशी मजल करत १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. जहाजावर सुमारे १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा होता आणि त्यातली २३८ टन स्फोटके अत्यंत संवेदनशील वर्गातली होती. त्याखेरीज सुटी केलेली लढाऊ विमाने आणि ३१ पेट्यांत भरलेल्या, त्या वेळच्या किमतीने सुमारे ८ लाख ९० हजार पौंडांच्या सोन्याच्या विटा होत्या. कराचीला जहाजातील काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे, लाकूड आणि मोडीचे लोखंड भरण्यात आले. कापूस आणि स्फोटके एकाच कप्प्यात, कापूस खाली आणि दारूगोळा वर, अशी ती रचना होती. एरवी अशा मालाला कोणी एकत्र येऊ दिले नसते. पण युद्धकाळात जहाजातील एक हात जागाही रिकामी ठेवायची नाही, असा दंडक होता, आणि जहाजाच्या कप्तानाने नाराजी दाखवूनही हा माल चढवला गेला.

मुंबईत आल्यानंतर जहाज तातडीने रिकामे व्हायला हवे होते. तसे झाले नाही. स्फोटके काठाकडे नेण्यासाठी लागणारे पडाव (माल वाहणाऱ्या होड्या) वेळेवर मिळाले नाहीत, इतर माल आधी उतरू लागला, आणि सर्वांत घातक माल दोन दिवस जहाजातच राहिला. धोकादायक माल असल्याची खूण म्हणून जहाजावर लाल निशाण लावायचे असते, तेही लावलेले नव्हते. शेजारच्या धक्क्यांवर हमाल, कारकून, खलाशी नेहमीसारखे कामात होते आणि आपण कशाच्या शेजारी उभे आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती.

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास जवळच्या जहाजांवरील काही लोकांना ‘फोर्ट स्टिकीन’च्या बाजूने धुराची रेघ दिसली, पण ज्या अर्थी जहाजावरचे कोणी धावपळ करत नाही, त्या अर्थी विशेष काही नसावे, असे त्यांनी मानले. दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यात कापूस धुमसतो आहे, हे जहाजावर लक्षात येईपर्यंत दोन वाजत आले होते. अग्निशमन दलाला गेलेली पहिली वर्दी साध्या आगीची होती, त्यामुळे सुरुवातीला आले ते दोनच बंब. वर्दी हा शब्द या दलात आजही जिवंत आहे. क्रमांक एकची, दोनची, तीनची वर्दी म्हणजे आगीचे गांभीर्य किती आणि किती बंब, किती टँकर, कोणते अधिकारी निघायचे, हे त्या एका आकड्यावरून ठरते. पहिल्या वर्दीत सांगितलेली गोष्ट अपुरी असेल तर जागेवर पोहोचणाऱ्या पहिल्या तुकडीला ती उणीव स्वतःच्या अंगावर भरून काढावी लागते. त्या दुपारी पहिल्या तुकडीच्या अधिकाऱ्यांना जहाजात काय आहे, हे कळताच त्यांनी आणखी कुमक मागवली आणि पाठोपाठ दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः गोदीत हजर झाले.

यानंतरचे सुमारे दीड तास हे या इतिहासाचे मर्म आहे. स्फोटक साहित्याचा जाणकार लष्करी अधिकारी जहाजावर आला आणि हे जहाज सगळी गोदी उडवू शकते, असे त्याने स्पष्ट सांगितले. जहाज जागीच बुडवावे, असे त्याचे मत होते. परंतु गोदीतले पाणी इतके खोल नव्हते की त्यात बुडालेल्या जहाजाची स्फोटके पाण्याखाली जातील, असे इतरांचे म्हणणे पडले. जहाज ओढून समुद्रात न्यावे, हाही विचार पुढे आला. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्करी अधिकारी आणि अग्निशमन प्रमुख या सर्वांचे अधिकार वेगवेगळे होते. त्यांच्यावर अंतिम शब्द कोणाचा, हे ठरलेले नव्हते, आणि त्यामुळे कोणताच धाडसी निर्णय झाला नाही. निर्णय होत नसताना आग विझवणाऱ्यांना करण्यासारखे एकच काम उरते, ते म्हणजे पाणी मारत राहणे. बत्तीस होजमधून, म्हणजे पाणी मारायच्या नळ्यांमधून, नऊशे टनांहून अधिक पाणी त्या कप्प्यात गेले. धुराचा लोट इतका दाट होता की आग नेमकी कोठे आहे, ते दिसत नव्हते आणि कापसाच्या गाठी पाण्यावर तरंगून, जळतच, वरच्या दारूगोळ्याच्या दिशेने चढत होत्या. खालच्या पोलादाची उष्णता इतकी वाढली होती की कप्प्यातले पाणी उकळू लागले होते.

त्या जवानांना धोका माहीत नव्हता, असे म्हणून त्यांच्या मृत्यूची हळहळ करण्याची एक रीत आहे. ती मला अपुरी वाटते. सुरुवातीला आलेल्यांना काही काळ ते ठाऊक नसेल, पण दोन तास त्या जहाजावर उभा असलेला, हातातला होज न सोडणारा माणूस आपल्या पायाखाली काय आहे, हे जाणून होता असे मानायला जागा आहे, कारण त्यांचे वरिष्ठ जाणून होते आणि तेही तेथेच उभे होते. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. खलाशी उतरले. अग्निशमन दलाची माणसे धक्क्यावर येऊन तेथूनही पाणी मारत राहिली. त्यानंतर सोळा मिनिटांनी, ४ वाजून ६ मिनिटांनी, पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले, बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि १,७०० किलोमीटर दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. शेजारी उभे असलेले ‘जलपद्म’ हे जहाज उचलले जाऊन त्याचा मागचा भाग गोदीच्या गुदामावर जाऊन पडला. सुमारे अर्ध्या तासाने, ४ वाजून ३४ मिनिटांनी, दुसरा स्फोट झाला आणि तो पहिल्याहून भीषण होता. पहिल्या स्फोटातील जखमींना उचलायला जे आले, त्यातलेही काही या दुसऱ्या स्फोटात सापडले.

जळत्या कापसाच्या गाठी आणि तापलेले लोखंड दूरवर मांडवी, मशीद बंदर, डोंगरी परिसरात उडाले आणि गुदामे, पेढ्या, चाळी पेटल्या. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले, आणि गोदीतला ढिगारा उपसून बंदर पूर्ववत करायला सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबत होती. तेरा जहाजे गेली. बंगालच्या दुष्काळानंतरच्या त्या वर्षात पन्नास हजार टनांहून अधिक धान्य नष्ट झाले. ऐंशी हजार लोक बेघर झाले. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो. गोदीतील आणि तिच्याशी संबंधित सेवांतील मृतांची नोंद २३१ आहे आणि त्यात अग्निशमन दलाचे ६६ आहेत. दलातले आणखी ८३ जण जखमी झाले. एका दुपारी एका शहराच्या अग्निशमन दलाचे इतके बळी जाण्याचा हा प्रसंग हिंदुस्थानच्या इतिहासात अपूर्व होता. याहून दुःखद गोष्ट अशी की त्या रात्री आणि पुढचे तीन दिवस शहर जळत असताना ते विझवायचे होते याच दलाने, आपले सहासष्ट सहकारी गमावून.

या मृत्यूंचे सार्वजनिक दुःख होण्याआधी त्यांच्यावर पडदा पडला. युद्धकाळातील नियंत्रणामुळे इथल्या वृत्तपत्रांना घटनेचे वर्णन छापता येईना. जपान्यांच्या ताब्यातील सायगावच्या नभोवाणीने ही बातमी दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली, आणि इथल्या वार्ताहरांना सविस्तर वृत्त पाठवण्याची परवानगी मिळेपर्यंत मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. ज्या शहरात स्फोट झाला, त्या शहराला आपली हकीकत उशिरा, तीही चाळून मिळाली. आपल्या सामूहिक आठवणीत सोन्याच्या विटा इतक्या घट्ट बसण्याचे एक कारण यात दडलेले असावे, असे मला वाटते. छापील वृत्तांत नसताना तोंडोतोंडी जे टिकले ते चमत्कारासारखे होते : गोदीपासून लांब असलेल्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छत फोडून आत पडलेली सोन्याची वीट आणि ती त्याने प्रामाणिकपणे परत केली ही गोष्ट. या गोष्टी खऱ्याच आहेत. गोदीतील गाळ उपसताना पुढच्या काळात अनेक विटा सापडत राहिल्या. अशी वीट सापडल्याची बातमी अगदी २०११ मध्येही आली होती. प्रत्येक विटेच्या बातमीबरोबर स्फोटाची आठवण निघते, आणि त्या बातमीत जवानांचा उल्लेख एका आकड्यात आटोपतो.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने जी कारणे नोंदवली, ती आज वाचतानाही अस्वस्थ करतात, कारण त्यात अनाकलनीय असे काही नाही. कापूस आणि स्फोटके शेजारी ठेवणे, धोक्याचे निशाण न लावणे, घातक माल उतरवण्यात दिरंगाई, अग्निशमन दलाला बोलावण्यात गेलेला वेळ, आणि सर्वांवर अधिकार चालेल असा एक माणूस जागेवर नसणे, अशी ही यादी आहे. घातपाताचा किंवा शत्रूच्या हल्ल्याचा निष्कर्ष निघाला नाही. कापसाजवळ कोणीतरी निष्काळजीपणे ओढलेली विडी-सिगारेट ही संभाव्य ठिणगी मानली गेली. यादीतील एकही चूक अग्निशमन दलाने केलेली नव्हती, आणि प्रत्येक चुकीची किंमत त्याने मोजली. पुढच्या काळातील अशा मृत्यूंकडे पाहतानाही हाच क्रम पुन्हा दिसतो. चूक कोठेतरी आधी, कोणाच्यातरी कागदावर किंवा बांधकामात झालेली असते आणि ती उघडी पडते तेव्हा तिच्यासमोर होज घेऊन उभा असलेला माणूस असतो.

स्वातंत्र्यानंतर १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर रुळला आणि १४ ते २० एप्रिल हा सप्ताह झाला. केंद्रीय गृह मंत्रालयाने १९५५ मध्ये अग्निशमनासाठी स्थायी सल्लागार समिती नेमली आणि लगेच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले, जे १९५७ पासून नागपुरात आहे. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतले अधिकारी नागपुरात शिकतात, तेव्हा मुंबईच्या गोदीतली ती दुपार त्यांच्या कानावर पडते. अशा रीतीने मुंबईचे दुःख देशाच्या दिनदर्शिकेत गेले आणि त्याला प्रतिष्ठा मिळाली, हे मोलाचे आहे. त्याबरोबर एक गोष्ट हळूहळू घडली. सप्ताह हा प्रामुख्याने जनजागृतीचा झाला. शाळांमध्ये प्रात्यक्षिके, सोसायट्यांमध्ये आग विझवण्याचे सिलिंडर कसे वापरावे याचे धडे, उंच शिडीची मिरवणूक, झेंड्यांची विक्री हे सर्व आवश्यकच आहे. पण सात दिवसांतला स्मरणाचा भाग हा पहिल्या दिवशीच्या सकाळच्या काही मिनिटांचा राहिला.

जगात इतरत्र स्मरणाची जी रीत रूढ झाली आहे, तिच्याकडे या निमित्ताने पाहणे उपयोगी ठरेल. डिसेंबर १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात लिंटन येथे वणवा विझवताना पाच स्वयंसेवक अग्निशामक मृत्युमुखी पडले आणि त्यातून ४ मे हा आंतरराष्ट्रीय अग्निशामक दिन पुढे आला. अमेरिकेत मेरीलँडमधील एमिट्सबर्ग येथे १९८१ पासून कर्तव्यावर मृत झालेल्या अग्निशामकांची नावे वर्षागणिक फलकांवर कोरली जातात, मग तो मोठ्या शहरातला असो की लहानशा गावातला स्वयंसेवक. आपल्याकडे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन सेवा हे नगरपालिकांचे काम आहे. त्यामुळे मुंबईचे दल मुंबई महापालिकेचे, पुण्याचे पुणे महापालिकेचे, एखाद्या तालुक्याच्या गावाचा एकुलता एक बंब त्या नगरपरिषदेचा. सैन्यातला किंवा पोलिसातला मृत्यू राज्याच्या किंवा देशाच्या स्मरणात आपोआप जातो. अग्निशमन दलातला मृत्यू त्या गावच्या पालिकेच्या दप्तरात, आणि पालिकेच्या सभेत मांडल्या जाणाऱ्या शोकप्रस्तावात राहतो. स्थानिक दलाचे दुःख स्थानिकच राहण्याचे मूळ या व्यवस्थेत आहे.

मुंबईने अलीकडच्या काळात गमावलेल्या माणसांची हकीकत दहा महिन्यांच्या अंतरात घडलेल्या दोन घटनांवरून सांगता येते, आणि त्या दोन घटना शहराच्या दोन टोकांच्या आहेत. १८ जुलै २०१४ रोजी अंधेरी पश्चिमेच्या लिंक रोडवरील लोटस बिझनेस पार्क या काचेने मढवलेल्या उंच इमारतीत वरच्या मजल्यांवर आग लागली. काचेचे आवरण असलेल्या इमारतीत धूर बाहेर जायला वाट नसते, उष्णता आत कोंडते आणि शिडी किंवा रस्त्यावरून मारलेले पाणी त्या उंचीला पुरत नाही, म्हणून जवानांना आतून वर चढावे लागते. वर चढलेले जवान आगीमुळे गच्चीवर अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले आणि त्यांच्यातला एक तरुण जवान मात्र वाचू शकला नाही. इतरांना वाचवायला गेलेल्यांनाच वाचवण्यासाठी आकाशातून मदत बोलवावी लागली, हे दृश्य मुंबईकरांनी त्या दिवशी दूरदर्शन वाहिन्यांवर पाहिले.

दुसरी घटना काळबादेवीची. १४ एप्रिल २०१५ ची मानवंदना होऊन पंचवीस दिवस झाले होते. ९ मे, शनिवार, दुपार सरता सरता जुन्या हनुमान गल्लीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागल्याची वर्दी आली. काळबादेवी, भुलेश्वर, झवेरी बाजार हा भाग ज्यांनी पायी पाहिला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको : लाकडी तुळया आणि खांबांच्या इमारती, अरुंद जिने, जागोजाग घातलेले पोटमाळे, खाली दुकाने, वर दागिने घडवणारे कारखाने आणि त्यांच्या भट्ट्या, गॅसचे सिलिंडर, आणि या सर्वांच्या मध्येच पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे. गल्लीत बंब वळत नाही, मग होज लांबून ओढत आणावा लागतो. इमारत आतून जळत जाते आणि बाहेरून उभी दिसते, हा या बांधणीतला सर्वांत मोठा धोका आहे. जुने सागवान काही काळ भार धरून ठेवते आणि मग सोडते.

रहिवाशांना बाहेर काढण्यात दलाला यश आले. आत कोणी राहिले आहे का आणि आग शेजारच्या इमारतींकडे कशी रोखायची, हे पाहण्यासाठी अधिकारी आत होते. त्याच सुमारास आग एकाएकी भडकली आणि इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी ढिगाऱ्याखाली सापडून मृत्युमुखी पडले. उपप्रमुख अग्निशमन अधिकारी सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर गंभीर भाजले. अमीन यांचे १४ मे रोजी आणि नेसरीकर यांचे २४ मे रोजी उपचार चालू असताना निधन झाले. पंधरा दिवसांत मुंबईच्या दलाने चार अधिकारी गमावले, त्यात दलाचा प्रमुख आणि त्याचा सहकारी उपप्रमुखही होता. अशी घटना क्वचितच घडते, आणि तिच्यामागे या दलाची एक जुनी सवय आहे. १९४४ मध्ये कूम्ब्स जहाजाजवळ होते, तसेच २०१५ मध्ये नेसरीकर इमारतीच्या आत होते. कोठे उभे राहणे सुरक्षित आहे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा, त्यानेच सर्वांत असुरक्षित जागी उभे राहायचे, असा या सेवेचा अलिखित रिवाज आहे. त्या रिवाजाबद्दल पुनर्विचार व्हावा, प्रमुखाने बाहेर राहून सूत्रे हलवावीत, असे म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांचे म्हणणे गैर नाही. पण जवानांचा आपल्या अधिकाऱ्यावरचा विश्वास याच रिवाजातून येतो, ही गोष्टही विसरता येत नाही.

महाराष्ट्राने आग प्रतिबंधक आणि जीवसुरक्षा उपाययोजनांचा स्वतंत्र कायदा २००६ मध्ये केला होता. इमारतीच्या मालकाने किंवा रहिवाशांनी आगीपासून बचावाची यंत्रणा बसवणे आणि ती चालू स्थितीत असल्याचे वेळोवेळी प्रमाणित करून घेणे त्यात बंधनकारक आहे. अंधेरी आणि काळबादेवी या दोन्ही घटना हा कायदा अस्तित्वात आल्यानंतरच्या आहेत. नव्या काचेच्या मनोऱ्यात यंत्रणा असते, पण ती ऐनवेळी चालेल याची खात्री लागते. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीत यंत्रणा बसवायला जागाच नसते आणि इमारत कोणाची, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हा वाद पिढ्यांपासून चालू असतो. दोन्ही ठिकाणी उणीव वेगळी असते, आणि ती भरून काढणारी माणसे त्याच केंद्रांवरून निघालेली असतात.

दलाचे काम आता आगीपुरते राहिलेले नाही, त्यामुळे मृत्यूही आगीपुरते राहिलेले नाहीत. घर कोसळणे, विहिरीत माणूस पडणे, गॅसगळती, महापूर, झाडावर अडकलेला पक्षी, सर्व वर्दी तेथेच जातात. १ डिसेंबर २०१९ रोजी पिंपरी-चिंचवडमधील दापोडी येथे जलनिःसारण वाहिनीसाठी खोदलेल्या खोल खड्ड्यात मातीखाली अडकलेल्या मजुराला काढण्यासाठी उतरलेल्या जवानावर पुन्हा माती ढासळली आणि त्या मजुराबरोबर त्यालाही प्राण गमवावे लागले. तेथे ज्वाळा नव्हत्या, धूर नव्हता, उंच शिडी नव्हती. ‘आगीशी झुंज’ या शब्दांत ज्यांचे वर्णन करता येत नाही, असे हे मृत्यू स्मरणातून लवकर निसटतात, म्हणून त्यांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे.

सुरुवातीला केंद्राच्या आवारातील घरांचा उल्लेख केला होता. हे घर नोकरीशी बांधलेले असते. जवान गेला की घरातला कमावता माणूस जातो आणि काही काळाने ते घरही सोडावे लागणार, ही चिंता कुटुंबासमोर उभी राहते. अनुकंपा तत्त्वावरील नोकरी, नुकसानभरपाई, निवृत्तिवेतन, निवासस्थान, यांतील प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा अर्ज, वेगळा विभाग आणि वेगळी प्रतीक्षा असते. काळबादेवीनंतर या प्रश्नाची उघड चर्चा झाली, कारण चारही अधिकारी होते आणि माध्यमांचे लक्ष होते. कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निशमन जवानाच्या कुटुंबाला पोलिसाच्या कुटुंबाच्या बरोबरीने वागवावे, ही मागणी तेव्हा ठळकपणे पुढे आली. १९४४ च्या सहासष्ट कुटुंबांनी ती घरे कशी सोडली असतील, परळ, भायखळा किंवा गावाकडच्या कोणत्या वाटेने ती गेली असतील, याचा विचार गोदीच्या स्फोटावर लिहिताना फार थोड्यांनी केला आहे. स्मरणाचे काम करायचे तर ते येथून सुरू करावे लागेल : नाव, हुद्दा, कोणत्या केंद्रावर नेमणूक, घरी कोण होते, पुढे त्यांचे काय झाले. ज्यांचे नातू-पणतू आज साठी-सत्तरीत आहेत, त्यांच्याकडे एखादे छायाचित्र, गणवेशावरचे एखादे बक्कल, नेमणुकीचा कागद अजून असू शकतो आणि तो मिळवण्यासाठीची वर्षे आता मोजकी उरली आहेत.

काळबादेवीच्या चौघांच्या बाबतीत ही नोंद आजही पूर्णपणे करता येण्यासारखी आहे. त्यांच्याबरोबर बंबावर चढलेली माणसे सेवेत किंवा नुकतीच निवृत्त झालेली आहेत, गल्लीतली दुकाने उघडी आहेत, आणि त्या दिवशी जिन्यावरून खाली उतरवले गेलेले रहिवासी शहरातच कोठेतरी राहत आहेत.